भेदरलेली माणसं आणि बुद्ध
(पुण्यात झालेल्या एका व्याख्यानाचं थोडं कापून-जोडून केलेलं शब्दांकन)

नमस्कार. आवाज मागेपर्यंत येतोय ना? प्रोजेक्टर आज काही ऐकत नाहीये, तेव्हा स्लाइड विसरा, मी बोलतो आणि तुम्ही डोळ्यापुढे आणा. तसंही आज ज्या दगडांबद्दल, आणि त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या माणसाकडे बुद्धाने कसं बघितलं याबद्दल बोलायचंय, ते दगड तुम्ही रोज बघता. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण सकाळी वेताळ टेकडीवर जात असतील. शिवाजीनगरला बसमध्ये आपण "एक म्हसोबा गेट द्या" म्हणतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि म्हसोबा म्हणजे शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, या दोघांनी आपल्या शहराचे पत्ते सांभाळलेत.

या देवांचं खातेवाटप जरा नीट बघा. विहिरीत, डोहात माणूस बुडायचा, तिथे साती आसरा, पाण्यातल्या सात देवता. रात्री बांधावर साप-विंचू, चोरचिलटं, तिथे म्हसोबा. पटकीची साथ आली की गावंच्या गावं बसायची, तिथे मरीआई, तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा म्हणजे ती पुढच्या गावाला जाईल (पुढच्या गावाने काय करायचं ते त्यांनी बघावं). आणि अंगावर फोड येणाऱ्या त्या रोगाचं तर आपण नावच देवी ठेवलं. "त्याला देवी आल्यात" म्हणायचो आपण, आणि लस टोचली की "देवी काढल्या". म्हणजे जिथे भय होतं बरोब्बर तिथेच देव बसवलेला आहे, इकडे-तिकडे नाही.

आता हे किती जुनं? लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी तिथे १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. हे लोक आपली मेलेली माणसं घरातच, जमिनीखाली पुरायचे. वर चूल, खाली आजोबा. लहान मूल गेलं तर दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि मूल त्यात. पोटातल्यासारखंच म्हणा ना. शेजारी पाण्याची, खाण्याची भांडी. आणि मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडलेली! का तोडली हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, लिपीच नव्हती, पण अभ्यासकांचा अंदाज असा की मेलेला माणूस उठून चालायला लागू नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून. मला स्वतःला यात भीती आणि माया दोन्ही दिसतात. परका असता तर गावाबाहेर नेऊन टाकला असता, पाय तोडून घरातच कशाला ठेवला असता?

तिथेच एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक झाकणाची पेटी सापडली. आत बाईची मूर्ती, झाकणावर दुसरी बाई, तिला डोकंच नाही, आणि बाजूला एक बैल. त्या डोकं नसलेल्या बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की बाई बैलावर बसते. एवढीएवढीशी खेळण्यासारखी वस्तू, पण कुणीतरी ती जपून पुरलीये. देऊळ नाही, पुजारी नाही, मंत्र होते की नाही कळायला मार्ग नाही, फक्त घरातल्या कुणाचीतरी बोटं त्या मातीवर फिरलेली.

हे झालं घरातलं. दुसरीकडे वैदिक यज्ञ, त्याचा पसारा मोठा आहे, त्यात मी आज शिरत नाही, नाहीतर आपण इथेच रात्रीचं जेवण करू. इतकंच लक्षात ठेवा की बुद्धाच्या काळात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी चालू होत्या, वर मोठे खर्चिक यज्ञ आणि खाली झाडं, डोंगर, यक्ष, नाग. कूटदंत नावाच्या ब्राह्मणाने सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बोकड, सातशे मेंढे यज्ञासाठी बांधून ठेवले होते आणि तो बुद्धालाच विचारायला आला की यज्ञ नीट कसा करतात. बुद्धाने त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगितली. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो आणि राज्यात चोऱ्यामाऱ्या चाललेल्या. त्याचा पुरोहित म्हणतो, आधी शेतकऱ्याला बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे, चोऱ्या आपोआप थांबतील. अडीच हजार वर्षांपूर्वी, हां!

धम्मपदात, म्हणजे बुद्धवचनांच्या संग्रहात, एक गाथा आहे, पाली भाषेत आहे पण तुम्हाला कळेल: "बहुं वे सरणं यन्ति, पब्बतानि वनानि च, आरामरुक्खचेत्यानि, मनुस्सा भयतज्जिता." डोंगरांना, वनांना, झाडांना, चैत्यांना म्हणजे पूजेच्या ठिकाणांना माणसं शरण जातात, का? तर भयतज्जिता, भेदरलेली असतात म्हणून. पुढे म्हटलंय की हे शरण काही खेम नव्हे, म्हणजे क्षेम नव्हे, सुरक्षित नव्हे. आता बघा, "हे मूर्ख आहेत" असं तो म्हणत नाही, "हे घाबरलेत" म्हणतो. माझं आजचं सगळं म्हणणं या एका शब्दावर उभं आहे. दगडात कोण आहे यावर बुद्ध वाद घालत बसला नाही, दगडासमोर उभ्या माणसाला काय होतंय ते त्याने विचारलं.

आणि बरेचदा तो जुनी गोष्ट मोडतही नाही, आतून बदलतो. राजगृहाजवळ सिगाल नावाचा पोरगा सकाळी आंघोळ करून ओल्या कपड्यांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडत होता. का रे बाबा? तर वडिलांनी मरताना सांगितलं होतं. झालं, आपल्यातले निम्मे विधी असेच चालतात. बुद्ध म्हणाला कर की, पण दिशा म्हणजे काय ते ऐक. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरू, पश्चिम बायकोपोरं, उत्तर मित्र, खालची दिशा म्हणजे तुझे नोकरचाकर, वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण, म्हणजे घर सोडलेले साधक आणि ब्राह्मण. नोकराला झेपेल एवढंच काम दे, आजारपणात बघ, वेळेवर सुट्टी दे. पोराचे हात जोडलेलेच राहिले, पण आता समोर आकाश नाही, माणसं आहेत.

(कुणाचा तरी फोन वाजतोय. घ्या, घ्या, घरचा असेल, पश्चिम दिशा आहे ती.)

बुद्धाला एकाने विचारलं, मंत्र म्हणून मेलेल्याला स्वर्गात पाठवता येतं का? बुद्ध म्हणाला, खोल डोहात धोंडा टाकला आणि सगळ्या गावाने काठावर जमून "वर ये रे धोंड्या" म्हणून हात जोडले तर येईल का? आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं तर खापऱ्या बुडतील, तूप वर येईल, त्याला "बुड रे तुपा" म्हणून प्रार्थना केली तर बुडेल का? जसं कर्म तशी गत, बास.

आता चार आर्यसत्यं. सगळ्यांना शाळेत पाठ होती आणि सगळे विसरलेत, म्हणून मी पोपटपंची करत नाही, एकच शब्द घेतो. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, थांबवायचा आठ अंगांचा मार्ग आहे, हा सांगाडा. कारण काय, तर तण्हा. तण्हा म्हणजे संस्कृतात तृष्णा, आणि आपल्या मराठीत तोच शब्द घासून घासून तहान झालाय. मला हे कळलं तेव्हा मी गप्पच बसलो होतो दोन मिनिटं, कारण तृष्णा म्हटलं की काहीतरी जड, पुस्तकी वाटतं आणि तहान म्हटलं की घशाला कळतं. तहान पाप नसते. ती लागते, पाणी प्यायलं की जाते आणि परत लागते, आणि हे "परत लागते" आहे ना, तिथे बुद्धाने बोट ठेवलंय. प्रमोशनची तहान घ्या नाहीतर अजून एका बीएचकेची, हिशोब तोच.

पंचशीलाचं, म्हणजे बौद्धांच्या पाच व्रतांचंही तसंच. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." यात कुणी वरून हुकूम सोडत नाहीये. मी स्वतः म्हणतोय की जीव घेण्यापासून दूर राहण्याचं सिक्खापद मी घेतो. सिक्खा म्हणजे शिकणं, आपलं रोजचं शिकणं. शिकणाऱ्याचं चुकतं, तो उद्या परत बसतो. देहूरोडला जिथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली, तिथे कधी सकाळी जाऊन वंदना ऐका, हा शब्द पाच वेळा कानावर पडेल.

मग बौद्ध धर्म आल्यावर जुने देव गेले का? छे. बोधी, म्हणजे ज्ञान, मिळायच्या आधीची सुजाताची गोष्टच नवसाची आहे. तिने वडाच्या देवतेला नवस बोलला होता, तो फेडायला खीर केली, दासीला पुढे पाठवलं, दासीने झाडाखाली बसलेला गौतम बघितला आणि पळत येऊन म्हणाली, बाईसाहेब, देव स्वतःच येऊन बसलेत! म्हणजे गौतमाने जी खीर खाल्ली ती म्हसोबाच्याच कुठल्यातरी चुलत भावाची होती असं समजा. आणि जुन्नरला लेण्याद्रीचा गणपती बसलाय तो बौद्ध विहारातच, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यातच.

लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात तर बघायलाच नको. देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, वैजयंती गावच्या भूतपाल शेठजींनी शिलालेखात सरळ लिहून ठेवलंय की जंबुद्वीपात, म्हणजे आपल्या देशात, उत्तम, आणि त्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचं देऊळ. गर्दी सगळी तिच्याकडे. मागे एकदा मी आत स्तूपापाशी उभा होतो, वर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी बघत, तेवढ्यात मावळातल्या एक मावशी ओटीचं ताट घेऊन आत आल्या, एकवीरेचं दर्शन झालेलं होतं, उरलेलं हळदकुंकू त्यांनी स्तूपासमोर वाहिलं आणि एक फेरीही घातली, बरोब्बर स्तूप उजव्या हाताला ठेवून. मी आपला मास्तर, राहवलं नाही, विचारलं, मावशी, हे कोण माहितीये का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्तूपाकडे बघितलं.

"देवच असंल की. उगा कोन येवढा दगुड कोरत बसंल?"