चौकातलं मोफत वाय-फाय

मंडळी, व्याख्यानाला यायच्या आधी मी तुमच्या स्टँडसमोरच्या चौकात अर्धा तास उभा होतो. खांबावर ‘मोफत वाय-फाय’ असा निळा फलक आहे. फोन काढला. नाव दिसलं, पान उघडलं, नंबर टाकला, ओटीपीही आला. त्यानंतर जे चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. शेजारचा रसवंतीवाला बराच वेळ बघत होता. म्हणाला, “काका, ते दिवाळीपासून असंच आहे. माझा हॉटस्पॉट देऊ का?” हसताय तुम्ही, पण मला आज बोलायचंय ते त्या रसवंतीवाल्याबद्दलच.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. निवृत्तीनंतर दोन-तीन गावांत असे खांब बसवताना सल्ला द्यायला जात होतो. त्या पेटीत फार काही नसतं. जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र, त्याला फायबरची तार आणि वीज. एका गावातून, नाव घेत नाही, तक्रार आली की वाय-फाय फक्त रात्री चालतं. यंत्र बदललं, तरी तेच. जाऊन बघतो तर वीज पथदिव्यांच्या लाइनवरून घेतलेली. ती लाइन संध्याकाळी सुरू होते आणि उजाडलं की बंद! दिवसभर चौक गजबजलेला तेव्हा वाय-फाय झोपलेलं, आणि रात्री कुत्र्यांना फुल रेंज. उद्घाटनानंतर त्या पेटीला कोणी वालीच उरला नव्हता. यंत्र एकदा निधीतून येतं हो. पण दरमहाचं इंटरनेटचं बिल आणि तुटलेली तार जोडणारा माणूस कुठून येणार, हे फीत कापताना कोणी विचारत नाही.

रेल्वे स्टेशनांवर मात्र ते चाललं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गूगल आणि रेलटेल, म्हणजे रेल्वेचीच दूरसंचार कंपनी, यांनी सुरुवात केली, जून २०१८ पर्यंत ४०० स्टेशनं झाली. एर्नाकुलमच्या एका हमालाची गोष्ट तुम्ही तेव्हा वाचली असेल. ओझी वाहताना कानात इयरफोन, त्यावर स्टेशनच्या वाय-फायवरून उतरवलेले धडे. आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास. पण मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. आता मोबाइलवरचा डेटाच स्वस्त झालाय, असं म्हणत २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतलं. तरी स्टेशनवरचं वाय-फाय बंद पडलं नाही. रेलटेलची फायबर रुळांच्या कडेनेच गेलेली आहे, त्यांनी रोज अर्धा तास फुकट आणि पुढे थोडे पैसे असा हिशेब बसवला. गूगल गेलं तरी घर चालवणारा घरातच होता.

मग कोणी म्हणेल, डेटा इतका स्वस्त, तर चौकात वाय-फाय हवंच कशाला? ज्याचं रिचार्ज आहे त्याला नकोच आहे. हवंय ते रिचार्ज संपलेल्याला. आणि त्याची गंमत ऐका.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याआधी धमकीचा ईमेल गेला होता, तो नवी मुंबईतल्या एका परदेशी माणसाच्या घरच्या उघड्या वाय-फायवरून. त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. अशा प्रकारांनंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये आदेश काढला की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे. ओळखपत्राची प्रत द्या, नाहीतर मोबाइलवर ओटीपी घ्या. तेव्हापासून आपण नंबर टाकतोय. आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण रिचार्ज संपून काही दिवस झाले की फोनवर मेसेजही येईनासे होतात. म्हणजे ओटीपीही नाही. घरातला जुना, बिनसिमचा फोन घेऊन अभ्यास करणाऱ्या पोरीला तर सुरुवातीपासूनच नाही. फुकटच्या पाणपोईवर पेला घरून आणायची अट घातल्यासारखं झालं हे.

आता रसवंतीकडे येतो. आठवतो ना तो पिवळा पीसीओ, पैसे देऊन फोन करायचा सार्वजनिक बूथ? खात्याने गावोगाव खोकी बांधून स्वतः माणसं बसवली नाहीत; किराणावाल्याला, पानवाल्याला फोन दिला, कमिशन दिलं. फोन बिघडला की तो आमच्या कचेरीत येऊन भांडायचा, कारण त्याचा धंदा बुडायचा. माझ्याशीही भांडलेत. हीच कल्पना वाय-फायसाठी केंद्र सरकारने ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केली, पीएम-वाणी नावाने. कोणताही दुकानदार इंटरनेट घेऊन, परवान्याशिवाय, फीशिवाय, पाच-दहा रुपयांत लोकांना विकू शकतो. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. २०२४ अखेर वाणीचे झाले अडीच लाखांच्या आसपास. का? कंपन्या पानटपरीकडूनही मोठ्या ऑफिसला लावतात त्या लीज लाइनचे दर मागत होत्या. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, सांगितलं की घरगुती ब्रॉडबँडच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही.

माझं नगरपालिकांना सांगणं एवढंच आहे की, नवा खांब उभा करण्याआधी त्या पैशात अशा चार दुकानांचं आणि अभ्यासिकेचं वर्षाचं बिल भरून बघा. अभ्यासिकेत निदान ग्रंथपाल असतो, तो रोज कुलूप उघडतो, दिवा लागला का बघतो.

मघाशी रस पिता पिता हे सगळं त्या रसवंतीवाल्याला सांगितलं. त्याने गिऱ्हाइकाला ग्लास दिला, हात पुसले आणि विचारलं, “म्हणजे माझ्याकडेही ओटीपी लागणारच ना? मग ती पोरं काय करतील?” अभ्यासिका बंद झाली की चार-पाच जण त्याच्या बाकावर येऊन बसतात म्हणे. मला काही उत्तर देता आलं नाही. सध्या तो त्यांना स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट देतो, आणि दीड जीबी संपला की दुकान बंद करतो.