चिलटाच्या अंड्यातली वाहतूक

नमस्कार, श्रोतेहो. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाचा हंगाम संपत आला की गळून आंबलेल्या मण्यांवर बारीक चिलटं घोंगावतात. आपण ती हाताने वारतो. पण यांतल्याच ड्रोसोफिला माशीने अंड्यातून जीव कसा घडतो याचं फार मोठं ज्ञान आपल्याला दिलं आहे.

तिचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. डोकं कुठल्या टोकाला नि पोट कुठल्या, हे अंडं घालण्याआधीच, आईच्या पोटात ठरलेलं असतं. ठरवतात मुख्यतः दोन आरएनए: पुढच्या टोकाला बायकॉइड, मागच्या टोकाला ऑस्कर. आरएनए म्हणजे अमुक प्रथिन बनव, असा पेशीला दिलेला निरोप. हे निरोप तयार होतात शेजारच्या 15 पोषक पेशींत. तिथून डायनिन नावाचं प्रथिन ते अंड्यात ओढून आणतं. ऑस्करला पुढे मागच्या टोकाला नेतं ते कायनेसिन. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं. त्यांवरून कायनेसिन पाऊल टाकत चालतं. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च.

बैल कितीही ताकदीचा असो, जू नसेल तर ऊसगाडी हलायची नाही. इथलं जू म्हणजे आरएनएला धरणारी प्रथिनं. आरएनएच्या शेवटच्या भागातल्या खुणा ओळखून ती त्याला पकडतात.

मला खरं नवल वाटतं ते पुढेच. अंड्यातल्या सगळ्या नलिका काही मागे जात नाहीत. त्या उलटसुलट पसरलेल्या असतात, मागे जाणाऱ्या थोड्याच जास्त. तेवढ्या कलावर ऑस्कर धडपडत मागच्या टोकाला पोचतो आणि तिथे अडकवून ठेवला जातो. वाटेत त्यापासून प्रथिन बनू नये म्हणून ब्रुनो नावाचं प्रथिन त्याला दाबून धरतं.

1992 साली अ‍ॅन एफ्रुसी आणि रूथ लेमन या शास्त्रज्ञांनी ऑस्करला बायकॉइडचा शेवटचा भाग जोडला. निरोप तोच, पण गेला पुढच्या टोकाला. त्या गर्भांना डोकं आलंच नाही. त्या जागी दुसरं पोट तयार झालं!

आपल्या मेंदूतल्या पेशीही असे निरोप लांबच्या फांद्यांपर्यंत नेतात. तिथे आरएनएला धरणारं एफएमआरपी हे प्रथिन बनलं नाही, तर फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक आजार होतो. मुलाचं बोलणं, शिकणं मागे पडतं. कारण सापडत नसेल, तर रक्तावरून या प्रथिनाच्या जनुकाची तपासणी करता येते. डॉक्टरांना तसं जरूर विचारा, आणि पुढच्या अपत्याचा विचार असेल तर त्याआधीच विचारा.