बीम संपू दे, मग निघ

नमस्कार मंडळी. आज नव्या नोकरीबद्दल बोलू, खरं तर नवी नोकरी सोडण्याबद्दल. आपल्या सोलापुरात आता बऱ्याच घरात एखादं पोरगं डेटा अ‍ॅनालिस्ट झालंय, कुणी टॉवेलच्या फॅक्टरीत, कुणी पतसंस्थेत, कुणी हॉस्पिटलच्या बिलिंगला. दिवसभर एक्सेल, संध्याकाळी एसक्यूएल नाहीतर पायथन, म्हणजे आकडेवारी हाताळायच्या कॉम्प्युटर भाषांचा क्लास, आणि चार महिने झाले की जेवताना एकच विषय, पुण्याला आयटीत कधी जायचं?

माझ्या भाचीचंही हेच चाललेलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात लागली होती, काम काय तर कुठल्या पाळीत किती सेकंड, म्हणजे डागी-सदोष, माल निघाला त्याचा रोजचा रिपोर्ट. चौथ्याच महिन्यात ती पुण्याला इंटरव्ह्यू देऊन आली, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी गेली, रात्री परत. आणि हुतात्मा म्हणजे नुसतं गाडीचं नाव नाही बरं का, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चौघं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, ही चार नावं गाडीत बसणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. असो. तर पोरगी आली ती तोंड पाडून. म्हणाली, मामा, एसक्यूएलचं सगळं आलं, पण शेवटी विचारलं की तुझ्या रिपोर्टमुळं कारखान्यात काय बदललं, आणि मला काहीच सांगता आलं नाही.

आमचे दाजी, तिचे वडील, आयुष्यभर पॉवरलूमवर. ते ताटावरून न उठता एवढंच म्हणाले, "बीम लावलंयस ना, मग संपू दे की. अर्ध्यात माग सोडलास तर उरलेला ताणा कोण बघणार?" बीम म्हणजे मागावर चढवलेला ताण्याचा, उभ्या सुताचा, मोठा रोल.

ती थांबली. आणि दोन-तीन महिन्यांनी तिला एक गोष्ट खटकायला लागली. तिच्या शीटमध्ये रात्रपाळीचा सेकंड माल दिवसपाळीच्या निम्मा दिसायचा, मीटिंगमध्ये रात्रपाळीचं कौतुक व्हायचं. पण गिऱ्हाईकाकडून परत आलेल्या टॉवेलांचे लॉट नंबर हिनं जुळवून बघितले तर बहुतेक सगळे रात्री चेक झालेले! शीटमध्ये उत्तर सापडेना. शेवटी मला म्हणाली, मामा, रात्री अकराला सोडशील का कारखान्यात? स्कूटरवर गेलो. मी स्वतः बघितलंय म्हणून सांगतो. चेकिंग टेबलावर दोन ट्यूबलाइट, एक बंद, दुसरी दोन्ही टोकाला काळी पडून फडफडत होती, आणि त्या उजेडात एक मावशी पांढरे टॉवेल एकामागून एक झटकून बाजूला टाकत होत्या. भाचीनं एक पास झालेला टॉवेल उचलला, मोबाइलची बॅटरी मारली, तर काठाजवळ लिंबाएवढा तेलाचा डाग. मावशी म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वी सांगितलंय बाळा, लिहून घेतलं नुसतं."

म्हणजे रात्री माल चांगला निघत होता असं नाही, रात्री डागच दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं आणि ट्यूब बदलल्या. आणि काय झालं, पुढच्याच आठवड्यात रात्रपाळीचा सेकंड माल वाढला! साहेब चिडले, आकडा बिघडवलास म्हणाले. पोरगी हटली नाही, म्हणाली, थांबा, परत येणारा माल बघा. पुढच्या दोन महिन्यांत तो खरंच कमी झाला. मग सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली, संक्रांत झाली, आणि तिनं पुन्हा इंटरव्ह्यू दिला. तोच प्रश्न आला आणि पुढची वीस मिनिटं त्या ट्यूबलाइटवरच गेली. आज ती हिंजवडीला आहे, सॉफ्टवेअर कंपनीत. जाताना शेंगाचटणी नेली, उखळात कुटलेली, मिक्सरमधली चटणी म्हणजे नुसता तेलकट गोळा होतो, ते मी मानतच नाही.

तर परत सांगतो. चार महिने झाले का चौदा, हे कॅलेंडर बाजूला ठेवा. एक प्रश्न घेतला, त्याचे आकडे काढले, त्यातून काहीतरी बदललं आणि त्या बदलाचं काय झालं हे डोळ्यांनी बघितलं, असं एक काम हातात आहे का? एकच काम, पण शेवटपर्यंत नेलेलं. असेल तर खुशाल निघा. नसेल तर तो प्रश्न तुमच्याच कारखान्यात कुठंतरी आहे, खाली उतरून बघा.

अर्थात पगार महिनोन्‌महिने लटकत असेल, अपमान होत असेल, तर बीमबिम काही नाही, तिथून निघायचंच. आणि वर्षभर नुसतं दुसऱ्याचं शीट कॉपी-पेस्ट करायला लावत असतील, मागूनही दुसरं काम देत नसतील, तरीही.

वेळ होत आली, म्हणून भराभर सांगतो. लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. नोटीस पिरियड किती, ते आपल्या अपॉइंटमेंट लेटरमध्येच बघा, प्रोबेशनमध्ये बऱ्याचदा तो कमी असतो. रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय जाऊ नका. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर, ट्रान्सफर करा, सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलात तर टॅक्स बसू शकतो. आणि वर्षाच्या मधेच कंपनी बदललीत तर आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा हिशोब नव्या कंपनीला पहिल्याच महिन्यात द्या, भाचीनं तो दिला नव्हता आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागली तिला. नमस्कार.