जाळ्यात आले, पण जगले किती?

(दृश्य: रात्र, मुसळधार पाऊस, सपाट कुरणं. कालव्याकाठी विटांचं पंपघर, आतून मोटारीची घरघर.)

नेदरलँड्समध्ये पडलेला पाऊस आपला आपण वाहून जात नाही. जाणार कुठे? देशाची सुमारे 26 टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. अ‍ॅमस्टरडॅमला उतरणारं आपलं विमान ज्या धावपट्टीवर टेकतं, तीसुद्धा 1852 मध्ये उपसून कोरड्या केलेल्या तळ्याच्या तळाशी आहे, समुद्राच्या पातळीपेक्षा तीनेक मीटर खाली. बांध घालून राखलेल्या अशा जमिनीला तिथे पोल्डर म्हणतात. पाणी आधी पवनचक्क्यांनी उपसलं, मग वाफेच्या इंजिनांनी, आता विजेच्या पंपांनी. समुद्रकाठच्या आयमाउडन गावाचं पंपघर पूर्ण जोरात चालतं तेव्हा सेकंदाला 260 घनमीटर पाणी समुद्राकडे ढकलतं.

पाण्यासोबत मासेही जातात. हा हिशेब फार उशिरा सुरू झाला.

(दृश्य: हातातून निसटणारा लांब, चंदेरी पोटाचा मासा.)

हा युरोपियन ईल. दिसायला आपल्या बाजारातल्या वामसारखा. आयुष्याची बरीच वर्षं गोड्या पाण्यात काढतो, आणि मग एका शरद ऋतूत त्याचं रूप पालटतं. पोट चंदेरी होतं, डोळे मोठे होतात, खाणं सुटतं, आतडं आक्रसतं. समोर पाच-सहा हजार किलोमीटरची वाट असते, अटलांटिकच्या पश्चिम भागातल्या सारगासो समुद्रापर्यंत. अंगावरच्या चरबीच्या शिदोरीवर तो निघतो. अंडी घालायला, आणि एकदाच.

निघतो कधी? काळोख्या, पावसाळी रात्री, कालव्याचं पाणी चढलं की. आणि पंपघरातले सगळे पंप चालू करायची वेळही नेमकी तीच.

(दृश्य: उघडलेला पंप, आतल्या फिरत्या चक्राची, म्हणजे इम्पेलरची, पाती.)

पंपात माशाला मारणाऱ्या गोष्टी तीन-चार. पात्याचा फटका. पातं आणि भिंत यांच्यातल्या फटीत चेंगरणं. उलटसुलट प्रवाहांची ओढाताण. आणि पाण्याचा दाब एकदम उतरणं: दाब अर्धा झाला की वाताशयातली, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली, हवा दुप्पट जागा मागते. रोचसारखा मासा ती तोंडावाटे सोडू शकतो, पर्चला तशी वाटच नसते, त्याचं वाताशय फाटतं. पोल्डरमध्ये पाणी थोडेच मीटर चढवायचं असतं, त्यामुळे तिथे दाबापेक्षा पात्याची भीती मोठी. आणि मासा जितका लांब, तितका तो पात्याखाली सापडायचा संभव जास्त. ईलच्या मोठ्या माद्या तर जवळजवळ मीटरभर लांब असतात.

मग पंप ‘मत्स्यस्नेही’ आहे हे ठरवायचं कसं? माहितीपत्रकावर तसं छापायला काय लागतं! तपासायची रीत मात्र अगदी साधी आहे: या बाजूने मासे मोजून सोडा, त्या बाजूला जाळं लावा.

ऐकायला साधी, एवढंच. जाळ्यात आलेल्या माशाचे खवले गेले असतील, तर ते पंपाने काढले की जाळ्याने? म्हणून काही मासे पंपातून न नेता थेट जाळ्याच्या तोंडाशी सोडतात. हाताळणीने आणि जाळ्याने जितकं नुकसान या गटाचं होतं, तितकं पंपाच्या खात्यातून वजा करायचं. हा दुसरा गट नसेल, तर आलेल्या आकड्याला मी तरी काडीची किंमत देणार नाही.

(दृश्य: पाण्याच्या टाक्या. कोपऱ्यात स्थिर ईल.)

जाळ्यातले जिवंत मासे टाकीत ठेवून एक-दोन दिवस थांबायचं. ईल भारी चिवट. मणका मोडला तरी तो वळवळत राहतो, वरून कातडी शाबूत दिसते. क्ष-किरणाच्या फोटोत खरं कळतं. असा मासा जाळ्यापाशी ‘जिवंत’ म्हणून मोजला गेला, तर सारगासोच्या दृष्टीने त्या मोजणीला काय अर्थ?

आणि तपासणीसाठी मासे आणायचे कुठून? युरोपच्या किनाऱ्याला लागणारी ईलची पिल्लं 1970 च्या दशकाच्या मानाने 90 टक्क्यांहून जास्त घटली आहेत. शेततळ्यात वाढवलेला ईलसुद्धा मुळात समुद्रातून धरून आणलेलं पिल्लूच असतं. त्याची पैदास व्यापारी पातळीवर अजून जमलेली नाही. म्हणजे ईल वाचवण्यासाठी थोडे ईल पंपात घालायचे. युरोपात अशा प्रयोगाला प्राण्यांवरच्या प्रयोगांचा कायदा लागतो, आणि लागायलाच हवा.

(दृश्य: तळहातावर प्लास्टिकची छोटी नळकांडी.)

म्हणून हा नकली मासा. अमेरिकेत, कोलंबिया नदीच्या धरणांतून जाणाऱ्या सामन (सॅल्मन) माशांसाठी तो घडवला गेला. जेमतेम 9 सेंटिमीटर लांब. आत दाब, धक्का, गिरक्या टिपणारी यंत्रणा, सेकंदाला 2,048 नोंदी. कुठे आपटला, दाब कुठे कोसळला, सगळं सांगतो. पण तो मीटरभर लांब नाही, वाकत नाही, घाबरत नाही.

पंप मात्र बदलतायत. पाती कमी, फिरणं सावकाश, पात्याची पुढची कड धारदार ठेवण्याऐवजी जाड आणि गोल, म्हणजे पाण्याचीच गादी माशाला बाजूला सारते. काही ठिकाणी पाणी वर चढवणाऱ्या मळसूत्री स्क्रूभोवतीचं नळकांडंच स्क्रूसोबत फिरतं, चेंगरायला फट उरत नाही.

(दृश्य: पुन्हा पंपघर. पाण्यातली गजांची जाळी.)

एक गट मात्र या कुठल्याच मोजणीत येत नाही. कचरा अडवणाऱ्या या गजांपाशी येऊन, पंपाचा आवाज ऐकून मागे वळणारे ईल. पंपातून गेले नाहीत, म्हणून मेले नाहीत. समुद्रातही पोचले नाहीत. पाऊस ओसरला की पंप बंद होतात. कालव्याचं पाणी थांबतं. ते गजांच्या अलीकडेच असतात, पुढच्या पावसापर्यंत.