एकवीस मायक्रॉनचा प्रश्न

(दृश्य: नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका शॉपमध्ये चालू असलेलं लेथ. तिथून कट – नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं सभागृह, अभियांत्रिकी शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद, पडद्यावर एक आकृती.)

निवेदन:

२५ मिलिमीटरचं भोक. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच ७ या दर्जाचा. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं, फरक फक्त २१ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तपासायला काय घ्याल? पहिला पर्याय आहे ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याहून बारीक न मोजणारा, व्हर्नियर.

व्हर्नियर निवडणाऱ्याला लीस्ट काउंटची व्याख्या बहुधा तोंडपाठ असते. पण ज्या साधनाची एक रेघ म्हणजेच जवळपास सगळा टॉलरन्स, त्यानं तो टॉलरन्स तपासायचा कसा? साधन टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाइतकं बारीक असावं, हा मापनातला जुना दंडक. इथं ते झाले दोन मायक्रॉन. म्हणून शॉपवर गो-नो गो प्लग गेज घालून बघतात (एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये); आकडाच हवा असेल तर बोअर गेज. सातपूर, अंबड, सिन्नरला कामावर रुजू झालेल्या मुलापुढं हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहू शकतो.

अभियांत्रिकी शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध भोकावर नसतो. मुलाला ते कळलं का, आणि कळलं हे कशावरून, यावर असतो. मायक्रॉनमध्ये बोलणारे प्राध्यापक इथं मात्र सर्रास लिहून जातात, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता.’ निबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरची लाल खूण तिथंच पडते.

(दृश्य: फळ्यावर दोन ओळींचा हिशेब.)

पुरावा कसा मांडायचा? शिकवण्याआधी एक चाचणी, नंतर एक. एका वर्गाची सरासरी ४० वरून ६४ टक्क्यांवर गेली, दुसऱ्याची ७० वरून ८२ वर. वाढ २४ आणि १२, तेव्हा पहिला वर्ग दुप्पट शिकला म्हणावं का? पहिल्याला वाढायला जागा होती ६० गुणांची, दुसऱ्याला ३०. २४ भागिले ६०, १२ भागिले ३०. दोन्हीकडे ०.४. भौतिकशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ साली साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या गुणांवर हेच गणित केलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३ आली, मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८.

सूत्र सोपं, घोटाळे आधीच झालेले असतात. पहिल्या चाचणीला ६२ मुलं, दुसरीला ४८. गळालेली १४ बहुतेक कच्ची, मग सरासरी आपोआप वर. दोन्ही चाचण्या दिलेल्यांच्याच जोड्या धरायला हव्यात. ‘अ’ तुकडीला नवी पद्धत आणि हौशी शिक्षक, ‘ब’ला बदली शिक्षक. मग श्रेय पद्धतीचं की माणसाचं? किंवा नव्या पद्धतीला दोन तास जास्तीचे मिळालेले, आणि निबंधात त्यांचा उल्लेखच नाही.

(दृश्य: संगणकावर सीओ-पीओ मॅपिंगचा तक्ता – एका विषयाची उद्दिष्टं (सीओ) सबंध अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी (पीओ) किती जुळतात, याचा. सगळ्या रकान्यांत ३, म्हणजे सर्वांत घट्ट संबंध.)

हा तक्ता इथं सगळ्यांच्या ओळखीचा; मान्यतेसाठी तो लागतो. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन करार सहा देशांनी १९८९मध्ये केला. भारत २०१४मध्ये एनबीएमार्फत, म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळामार्फत, पूर्ण सदस्य झाला. पण कराराची मान्यता टियर १च्या, म्हणजे प्रामुख्यानं स्वायत्त संस्थांच्या, अभ्यासक्रमांना. स्वायत्त नसलेली संलग्न कॉलेजं टियर २मध्ये येतात, कारण अभ्यासक्रम आणि पेपर विद्यापीठाचे. तक्ता मात्र दोघांनाही भरावा लागतो. सगळीकडे ३ भरला की तो कागद शोभेचा. सीओत लिहायचं ‘डिझाइन करता येईल’ आणि पेपरात विचारायचं ‘व्याख्या लिहा’. मग अटेनमेंट, म्हणजे उद्दिष्ट किती गाठलं याची टक्केवारी, कितीही येवो, ती डिझाइनची नसतेच.

(दृश्य: संध्याकाळ. सभागृहात लॅपटॉप, पडद्यावर परदेशातले सहभागी.)

परदेशातून ऑनलाइन येणाऱ्यांचं सत्र संध्याकाळी साडेसहाला ठेवतात. हिवाळ्यात तेव्हा बॉस्टनला सकाळचे आठ, लंडनला दुपारचा एक. सकाळी दहाला ठेवलं तर बॉस्टनला आदल्या रात्रीचे साडेअकरा. मग बोलणारा जांभया देतो, नाहीतर येतच नाही. दहा मिनिटं मांडणी, पाच मिनिटं प्रश्न. मांडणीतली पहिली चार मिनिटं ‘अभियांत्रिकी शिक्षणाचं महत्त्व’ सांगण्यात गेली, तर निष्कर्षाची स्लाइड घंटेनंतरच येते.

प्रश्न आधी गोल गोल असतात. मग हमखास एक येतो – ज्यांचं उत्तर चुकलं, त्यांनी कोणता पर्याय निवडला? व्हर्नियर घेणारे किती, मायक्रोमीटर घेणारे किती, आणि शिकवल्यानंतरही व्हर्नियरवरच राहिलेले किती?

ती मोजणी केलेली नसेल, तर उरलेली तीन मिनिटं फार लांब वाटतात.