हातोडा चालवण्याआधी इंजिनियर बोलवा

नमस्कार मंडळी. उन्हाळा आला की ठाण्यापासून पार नेरूळ-बेलापूरपर्यंत कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा, कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ब्रेकर चालू असतोच. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, पाऊस यायच्या आत उरकून घेऊ म्हणून लोक किचन फोडतात, फरशी बदलतात, बाल्कनी हॉलमध्ये घेतात. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, इथेच ठाण्यात काम करतो, आणि आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायचीय. आधी इंजिनियर, मग कंत्राटदार. हातातलं काम ठेवून ऐका, परत सांगतो, आधी इंजिनियर, मग कंत्राटदार.

आता किस्सा. कोपरीतली एक सोसायटी, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला. तळमजला अधिक चार, १९८० च्या दशकातलं बांधकाम, लिफ्ट नाही, खाली पार्किंग. पहिल्या मजल्यावर एक तरुण जोडपं नवीन राहायला आलं, घर घेतलं तसं आधी किचन करायला काढलं. मोठा फ्रिज घेतला होता आणि तो जागेवर ठेवला की ३ इंच बाहेर यायचा, दार नीट उघडेना. इंटिरियरवाल्या कंत्राटदाराने सांगितलं, काही नाही हो, मागची भिंत थोडी आत खणतो, फ्रिज बसेल बरोबर. आणि खणली. ती भिंत नव्हती मंडळी, तो कॉलम होता, बिल्डिंगचं वजन पेलणारा काँक्रीटचा खांब. जुन्या बिल्डिंगमध्ये ९ इंची कॉलम ९ इंची भिंतीत असा लपलेला असतो की प्लास्टर झाल्यावर बाहेरून काहीच कळत नाही, ठोकून बघितलं तरी साध्या माणसाला फरक समजणं अवघड.

हे कुणाच्या लक्षात आलं? दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्याच किचनच्या डोक्यावर एक आजी राहायच्या. त्यांचे यजमान सुतारकाम करायचे, घरातली सगळी दारं त्यांनी स्वतः रंधा मारून बसवलेली. अस्सल सागवान. (हल्लीची फ्लश डोअर, म्हणजे प्लायवूडची सपाट दारं, पाच-सहा पावसाळ्यांत खालून सुटायला लागतात, मला ती अजिबात पटत नाहीत, घरात एक तरी दार लाकडाचं असावं असं मला मनापासून वाटतं, असो.) तर आजी सकाळी किचनचं दार लावायला गेल्या आणि ते वरच्या कोपऱ्यात अडकलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, लाकूड फुगलं असेल. आजी म्हणाल्या, लाकूड पावसात फुगतं, हा एप्रिल आहे, एप्रिलमध्ये माझं दार फुगत नाही. मग त्यांनी चौकटीच्या वर बघितलं तर कोपऱ्यातून तिरपी बारीक चीर निघालेली, रात्रीपर्यंत नव्हती ती. खालून ठोकाठोकीचा आवाज येतच होता.

आजी जिना उतरून खाली गेल्या, गुडघे दुखत असताना, आणि दारात उभ्या राहून मिस्त्रीला म्हणाल्या, "बाळा, हातोडा आधी खाली ठेव." तो म्हणाला, आजी भिंतच फोडतोय, तुमच्या घराला काही होणार नाही. आजी म्हणाल्या, "माझ्या घराला झालंय. कुणीतरी जाणता माणूस बघून जाईपर्यंत इथे एक घाव पडणार नाही." आणि तिथेच स्टूल मागवून बसल्या. सेक्रेटरी धावत आले, त्यांनी मला फोन केला.

मी पोचलो तर काय, कॉलमाच्या ९ इंचातलं ३ इंच काँक्रीट उडवलेलं, कमरेपासून डोक्यापर्यंत. उभ्या सळ्या उघड्या पडलेल्या आणि त्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा कापलेल्या. कंत्राटदार मला ठामपणे सांगत होता, साहेब मेन सळ्यांना हात लावला नाही, फक्त रिंगा आड येत होत्या त्या कापल्या. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. केरसुणीची बांधणी सोडली की काड्या जशा फाकतात तशा रिंगा कापल्यावर वजनाखाली उभ्या सळ्या बाहेर वाकायला बघतात. आणि त्या कॉलमावर वरच्या तीन मजल्यांचं आणि गच्चीवरच्या टाकीचं वजन होतं.

पहिलं काम, ठेपे. कॉलमाच्या दोन्ही बाजूंच्या बीमखाली, म्हणजे आडव्या तुळयांखाली, लोखंडी प्रॉप्स लावले, आणि नुसते पहिल्या मजल्यावर नाही, खाली पार्किंगमध्येसुद्धा, थेट जमिनीपर्यंत, कारण ठेपा मधल्याच स्लॅबवर टेकवला तर ते वजन त्या स्लॅबच्या बोकांडी बसतं. त्या ओळीतल्या वरच्या घरांना सांगितलं, पाण्याचे ड्रम रिकामे करा आणि काही दिवस नातेवाइकांकडे जा. आजी जायला तयार नव्हत्या. मला विचारलं, "साहेब, दार वाढलं की घर बसलं?" मी म्हटलं, आजी, घर थोडं बसलंय, पण तुम्ही वेळेवर खाली आलात. मग गेल्या मुलीकडे, कळव्याला.

पुढे सगळं सैल काँक्रीट काढून, नवीन रिंगा बांधून, पायापासून वर आणत मायक्रो-काँक्रीटचं जॅकेटिंग केलं, म्हणजे जुन्या कॉलमाभोवती बारीक खडीच्या काँक्रीटचं नवं कवच ओतलं. कॉलम जाड झाला, खर्च त्या फ्रिजच्या किमतीच्या कितीतरी पट झाला, आणि फ्रिज आता हॉलमध्ये आहे.

तुम्हाला घाटकोपरची साई दर्शन आठवत असेल, २५ जुलै २०१७, तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू असताना अख्खी चार मजली इमारत बसली, १७ माणसं गेली. म्हणून तिसऱ्यांदा सांगतो, आधी इंजिनियर, मग कंत्राटदार.

आता इंजिनियर निवडायचा कसा, थोडक्यात. महापालिकेकडे त्याची नोंदणी आहे का ते बघा, नोंदणी नंबर मागायला लाजू नका. त्याची फी तुम्ही द्या, कंत्राटदारामार्फत नको, जो कंत्राटदाराकडून पैसे घेतो तो कंत्राटदाराचं काम कसं तपासणार? आणि सोसायटीने आरसीसी ड्रॉइंग, म्हणजे कॉलम-बीम-सळ्यांचे नकाशे, जपून ठेवा. लॉबीला ग्रॅनाइट लावायला एजीएममध्ये एकमताने ठराव होतो, ड्रॉइंगची फाइल मात्र जुन्या सेक्रेटरीच्या माळ्यावर वाळवी खाते, मला याचं फार वाईट वाटतं.

फरशीचंही तेच. जुन्या फरशीवर नवी टाकू नका. दोन इंच मसाला म्हणजेच चौरस मीटरला शंभर किलो, वर टाइलचं वजन वेगळं, आणि राहत्या घराचा स्लॅब माणसं-सामान धरून साधारण दोनशे किलोच्या हिशोबाने डिझाइन केलेला असतो. अर्धा हिशोब फरशीतच गेला.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं. ऑडिट म्हणजे नुसतं फिरून फोटो काढणं नाही. त्यात चाचण्या असतात: काँक्रीटच्या टणकपणासाठी रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळ्यांसाठी अल्ट्रासॉनिक, सळ्यांच्या गंजासाठी हाफ सेल, आणि हवेने काँक्रीट किती खोल बिघडलंय ते बघायला कार्बोनेशन, ज्यात ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन मारतात, गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर तिथपर्यंत सळीचं संरक्षण संपलंय. आपल्याकडे खाडीचा खारा वारा आहे, वाशी काय कोपरी काय, गंज लवकर धरतो. छताचं प्लास्टर पडलं की नुसता गिलावा मारून रंग देऊ नका, आत सळी गंजून फुगतच राहते.

आणि रिपेअरचं काम चालू झालं की एक भेट चुकवू देऊ नका. सैल काँक्रीट काढून सळ्या उघड्या झाल्या की नवीन मसाला भरण्याआधी इंजिनियरने स्वतः येऊन बघायलाच हवं, किती सळी खाल्ली गेलीय, कुठे नवीन जोडायची. त्याच्या असिस्टंटने पाठवलेल्या फोटोवर ते काम पास करू नका. झाकल्यावर कुणालाच काही दिसत नाही. सळी झाकायच्या आधी भेट, हे करारातच लिहून घ्या, आणि त्या भेटीची सही मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांच्या वहीत, असल्याशिवाय कंत्राटदाराचं पुढचं बिल काढू नका.

पुढच्या वेळी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल बोलू. नमस्कार.