कुत्र्याच्या खोडी, घर आणि अंगण

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुत्रा आहे म्हटलं की बोलणं लवकरच तक्रारींवर येतं. गेटपाशी कुणी थांबलं की तो घर डोक्यावर घेतो. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. कुंड्या उकरतो, मोगरा मुळासकट काढून ठेवतो. नाशिकमध्ये अजून पुष्कळ घरांना अंगण आहे, मखमलाबाद-म्हसरूळकडे तर मळाच दाराशी. त्यामुळे आम्हा पशुवैद्यांकडे येणाऱ्या तक्रारी निम्म्या घरातल्या असतात, निम्म्या बागेतल्या. आणि प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, हे बंद कसं करायचं?"

त्याच्या आधी एक प्रश्न विचारा असं मी प्रत्येकाला सांगते. यातून कुत्र्याला मिळतंय काय? कुठल्याही खोडीतून त्याला काहीतरी मिळत असतं. गारवा मिळतो, वास मिळतो, तुमचं लक्ष मिळतं, दारातला अनोळखी माणूस निघून जातो. ती गरज ओरडून जात नाही. ती भागवण्याची दुसरी सोय तुम्ही करून दिली, की खोड सुटायला लागते.

आता खड्ड्यांचंच बघा. खड्डा कुठं आहे ते आधी नीट पाहा. नळाखाली, आंब्याच्या आळ्यात, भिंतीच्या सावलीत खड्डा असेल आणि उकरून झाल्यावर कुत्रा त्यातच पोट टेकून पसरत असेल, तर त्याला उकडतंय. आपल्याला येतो तसा अंगभर घाम त्याला येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि पोटाची विरळ केसांची कातडी ओल्या मातीला टेकली की त्याला बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लॅब्राडोर, हस्की यांचे तर हालच होतात. खड्डे कुंपणाच्या कडेकडेनं असतील तर त्याला बाहेर जायचंय. एकाच जागी नाक खुपसून तो फुरफुरत असेल तर खाली घुशीचं बीळ असण्याची शक्यता मोठी. आणि नेमका कालच खत घातलेला वाफा उकरला असेल, तर त्याला खताचा वास आला आहे. बोनमील म्हणजे हाडांचाच चुरा, तो कुत्र्यानं सोडावा तरी कसा?

उकडणाऱ्या कुत्र्याला सावली, गार फरशी, ओलं गोणपाट आणि भरपूर पाणी द्या, निम्मे खड्डे तिथंच थांबतात. उकरण्याचीच हौस असलेल्या कुत्र्याला त्याचा स्वतःचा खड्डा द्या. अंगणातला सावलीचा कोपरा निवडा. तो आडवा पसरेल एवढी जागा, हातभर खोल, कडेनं विटा. आत वाळू आणि माती मिसळून भरा, उन्हाळ्यात सकाळी त्यावर पाणी मारा. सुरुवातीला त्याच्या देखत दोन-चार बिस्किटं वरच्या वर पुरा, मग हळूहळू खोल. तो वाफ्याकडे वळला की हाक मारून इकडं आणा आणि इथं उकरलं की तोंडभरून शाबासकी द्या. वाफ्याचंही संरक्षण हवंच. मातीखाली दोन बोटांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी अंथरायची, तिच्या कडा खाली वळवायच्या. जाळीच्या भोकांतून रोपं वर येतात, पण पंजाला जाळी लागली की कुत्रा दुसरीकडे जातो. काही जण मातीवर तिखट टाकतात. ते डोळ्यांत, नाकात जाऊन त्याला फार त्रास होतो. कृपा करून तसं करू नका.

खताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एरंडीच्या पेंडीत रिसिन नावाचं जहाल विष राहू शकतं. ही पेंड कुत्रे आवडीनं खातात, मग उलट्या होतात, रक्ताची हगवण लागते आणि जीवही जातो. कुत्रा असलेल्या घराच्या बागेत ती वापरूच नका, शेणखत, गांडूळखत चालेल. उंदीर-घुशींसाठी ठेवलेल्या औषधाचंही तसंच आहे. त्यातल्या पुष्कळ औषधांनी रक्त गोठणं थांबतं, आणि ते लक्षात येतं दोन-तीन दिवस उलटल्यावर. दारातली कण्हेर आणि कुंडीतला सायकस हीसुद्धा विषारी झाडं आहेत.

आणि आपल्या जिल्ह्याची दोन मोठी पिकं, द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला बाधतात. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसरा थोड्यानं दगावतो, म्हणून सुरक्षित प्रमाण असं सांगताच येत नाही. तोडणी चालू असताना बागेत खाली मण्यांचा सडा पडतो. निफाड-दिंडोरीकडच्या श्रोत्यांनी त्या दिवसांत कुत्र्याला मांडवाखाली मोकळा सोडू नये. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की पात असो, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उरलेले कांदेपोहे, कांद्याच्या वाटणाचा रस्सा, यातलं काही त्याच्या ताटलीत जाऊ देऊ नका. काही खाल्लंय अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आता भुंकणं. गेटवर कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पाकीट देऊन जातो. कुत्र्याच्या हिशेबानं काय घडलं? आपण भुंकलो आणि तो पळाला. रोज हेच घडलं की रोज त्याची खात्री पक्की होते. आपण आतून "ए गप्प!" असं ओरडतो, त्यानं तो आणखी चेकाळतो. गेटच्या खालच्या भागाला हिरवं शेडनेट बांधून बघा, आपल्याकडे ते कुठल्याही कृषी दुकानात मिळतं. रस्त्यावरची प्रत्येक हालचाल दिसेनाशी झाली की भुंकणं बरंच उतरतं. मग शिकवायचं ते असं. बेल वाजली, तो दोनदा भुंकला, तुम्ही शांतपणे "बास" म्हणालात. तो श्वास घ्यायला क्षणभर थांबतोच. त्याच क्षणी बिस्किट. एका सेकंदाच्या आत. हळूहळू थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा.

फ्लॅटमधला कुत्रा दिवसभर एकटा असतो आणि कंटाळून भुंकतो. त्याला पहाटेचं लांबलचक फिरणं हवं, आणि त्या फिरण्यात मनसोक्त हुंगणं हवं. खांब हुंगू न देता त्याला फरफटत नेलं तर तो फिरला असं मी म्हणणार नाही. मात्र उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात उलटा टेकवून बघा. सहा-सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही पोळणार.

जेवणाच्या वेळचं मागणं आणि पाहुण्यांवरच्या उड्या, ह्या दोन खोडी आपणच पोसलेल्या असतात. आई-बाबा देत नाहीत, पण आजी टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवतात. कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि असं अधूनमधून मिळणं हेच खोड सर्वात घट्ट करतं. रोज मिळणारं बंद झालं तर कुत्रा लवकर नाद सोडतो. कधीतरी मिळणारं तो सहजी सोडत नाही. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी बसून एकदा ठरवा. आजींना कुत्र्याला भरवायची हौस असते आणि ती माया मोलाची आहे. जेवण झाल्यावर तो तुकडा त्याच्या ताटलीत आजींनीच त्यांच्या हातानं घालावा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुर्लक्ष करायला लागल्यावर खोड आधी वाढते. तो जास्त कुईकुई करेल, पंजानं मांडी ओरबाडेल. चौथ्या-पाचव्या दिवशी त्रासून कुणी तुकडा दिला, की जास्त कुईकुई केलं की मिळतं, हे तो शिकला. उड्यांचंही तसंच. हातानं ढकललं तर तो त्याला खेळ वाटतो. अंग वळवा, हात छातीशी घ्या, बोलू नका, बघूही नका. चारही पाय जमिनीला टेकले की लगेच खाली वाकून लाड करा.

पिल्लांबद्दल थोडक्यात. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात, म्हणून ती चावतात. चपला कपाटात ठेवा, गार गाजर द्या. शू-शीसाठी झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्या.

घरात केलेल्या घाणीत त्याचं नाक घासणं मात्र आजपासून बंद करा. संध्याकाळी घरी येऊन आपण ओरडतो, तो कान पाडून, मान वळवून बसतो, आणि आपण म्हणतो, बघा, याला कळतंय. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली हे तपासून पाहिलं. कुत्र्यानं खरंच आगळीक केली होती की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसत होता, काहीच न केलेल्या कुत्र्याचासुद्धा. म्हणजे दुपारच्या चुकीची संध्याकाळी दिलेली शिक्षा त्याला फक्त एवढंच शिकवते, की तुम्ही घरी आलात की भीती वाटायची.

गुरगुरण्यासाठीही त्याला मारू नका. गुरगुरणं ही पूर्वसूचना असते. ती मारून दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. कुत्रा एकाएकी चिडका झाला असेल, कानाला हात लावू देत नसेल, शिकलेला असून घरात शू करत असेल, तर शिकवणीआधी त्याची तपासणी करून घ्या. कान पिकला असेल, सांधे दुखत असतील, लघवीला जळजळ होत असेल. आणि चावलाच, आपला असो वा रस्त्यावरचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. रेबीज झाल्यावर त्यावर उपाय नाही.

राहता राहिली साखळी. खोडकर आहे म्हणून दिवसरात्र बांधून ठेवलेले कुत्रे मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं. बांधल्यानं भुंकणं वाढतं, चावरेपणा वाढतो. कायमच्या बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही तो गुन्हा आहे. आपल्या भागात याहून मोठा धोका आहे, तो बिबट्याचा. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, वजनानं जवळजवळ ३९ टक्के. उसाच्या, मळ्याच्या कडेला रात्री बाहेर बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही, आणि तो बिबट्याला तुमच्या दारापर्यंत आणतो. गंगापूर, मखमलाबाद, नाशिक तालुक्यातल्या मळ्यांमधल्या श्रोत्यांनो, अंधार पडायच्या आत त्याला घरात घ्या, नाहीतर छतासकट चारी बाजूंनी बंद, मजबूत जाळीच्या खोलीत ठेवा. ओटा आणि गोठ्याभोवती दिवा असू द्या. उरलेलं मटण-मासळी घराजवळ टाकू नका, त्या वासानं भटके कुत्रे जमतात आणि त्यांच्या मागं बिबट्या येतो. आणि एरवी शांत असलेला तुमचा कुत्रा मध्यरात्री उसाकडे तोंड करून, अंगावरचे केस उभे करून भुंकत राहिला, तर त्याला गप्प करायला दार उघडून बाहेर जाऊ नका. आतूनच दिवे लावा, शेजारच्या वस्तीला फोन करून सावध करा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.